मधुमेहाच्या ऑनलाइन कार्यक्रमासाठी क्यूजीआयएस : नकाशा कुठे साथ देतो, कुठे फसवतो

डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळतो, आहाराची चर्चा व्हिडिओवर होते, साखरेची नोंद ॲपमध्ये जाते. पण एचबीएवनसीसाठी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीसाठी, रक्त द्यायला माणसाला कुठेतरी जावेच लागते. गोळ्याही कुठल्यातरी दुकानातून किंवा केंद्रातूनच आणाव्या लागतात. म्हणून मधुमेहाचा ऑनलाइन कार्यक्रम कोणत्या तालुक्यात सुरू करायचा, हा प्रश्न अखेर रस्त्याचा, एसटीचा आणि प्रयोगशाळेचा होतो, आणि तो सोडवायला नकाशा लागतो. असा नकाशा बनवण्यासाठी स्वयंसेवी संस्था, दवाखाने आणि जिल्हा पातळीवरची पथके सध्या ज्या साधनाकडे सर्वांत आधी वळतात, त्या क्यूजीआयएसचे हे परीक्षण आहे. ते केवळ या एका कामापुरते आणि मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केलेले आहे.

आधी निष्कर्ष. साधन उत्तम आहे आणि फुकट आहे. या कामाला लागणारे जवळजवळ सगळे त्यात आहे. कच्चेपणा राहतो तो आपण त्यात घालतो त्या आकड्यांमध्ये, आणि क्यूजीआयएस त्याबद्दल कधीही सावध करत नाही. चुकीचे आकडे दिले तरी ते तितकाच देखणा नकाशा काढून देते.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आले आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. डाउनलोड एक जीबीच्या पुढे जाते, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी बसवायचे असेल तर इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन जा. कायम ‘लाँग टर्म रिलीज’ (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती) हीच घ्या, आणि पथकातल्या सगळ्यांकडे तीच असू द्या. एकाने नवी आवृत्ती घेतली आणि दुसऱ्याकडे जुनी राहिली, तर प्रोजेक्ट फाइल उघडते, पण रंगांची किंवा लेबलांची मांडणी अधूनमधून बिघडते. परवान्याचा खर्च शून्य असल्यामुळे जिल्ह्यात पाच ठिकाणी पाच लॅपटॉपवर ते टाकता येते. सशुल्क प्रणालीत नेमके हेच परवडत नाही.

दुसरा मोठा गुण म्हणजे सगळे काम आपल्याच लॅपटॉपवर होते. रुग्णांची यादी कोणाच्या सर्व्हरवर चढवावी लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही बाब हलक्यात घेण्याजोगी नाही. मात्र एक फट राहते. पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढणारी प्लगइन (वरून जोडायची छोटी साधने) ते पत्ते इंटरनेटवर पाठवतात. रुग्णांचे पत्ते त्यांत कधीही टाकू नका. पिनकोड किंवा गावाच्या कोडवरून काम भागते.

आजाराचा आकडा कुठून घ्यायचा

इथे बहुतेक नकाशे पहिल्याच पायरीला घसरतात. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात मधुमेह ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के. अभ्यास भक्कम आहे, पण त्याचे आकडे राज्याचे आहेत. महाराष्ट्राचा एकच आकडा ३६ जिल्ह्यांना चिकटवला तर सगळा नकाशा एका रंगाचा होईल, आणि त्यातून नियोजनाला काहीच हाती लागणार नाही.

जिल्ह्याचा आकडा मिळतो तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१). जिल्हा पत्रकात १५ वर्षांवरील स्त्रिया आणि पुरुषांच्या रक्तशर्करेचे रकाने आहेत : १४१ ते १६० मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ‘उच्च’, १६० च्या वर ‘अति उच्च’, आणि तिसरा रकाना १४० च्या वर असलेले किंवा औषध चालू असलेले. देशाच्या पातळीवर हा तिसरा आकडा स्त्रियांत १३.५ आणि पुरुषांत १५.६ टक्के आहे. नियोजनासाठी तिसराच रकाना घ्या. फक्त ‘अति उच्च’ घेतला तर औषधाने साखर ताब्यात असलेले लोक नकाशावरून गायब होतात आणि जिथे उपचार चांगले चालले आहेत तो जिल्हा ‘गरज नाही’ असा दिसू लागतो.

तरीही ही मधुमेहाची टक्केवारी नव्हे. बोटाला टोचून, दिवसाच्या कोणत्याही वेळी, एकदाच केलेली ती तपासणी आहे. निदानाला उपाशीपोटी १२६, एचबीएवनसी ६.५ टक्के, किंवा लक्षणांसह कोणत्याही वेळी २०० असे निकष लागतात. नकाशाच्या शीर्षकात ‘मधुमेहाचे प्रमाण’ असे लिहू नका. ‘रक्तशर्करा १४० च्या वर किंवा औषध चालू’ असेच लिहा. शीर्षक लांबते, पण बैठकीत कोणी तो आकडा निदान म्हणून वापरत नाही.

तालुक्याचा आकडा या सर्वेक्षणातून मिळत नाही. नमुना जिल्ह्यापुरताच पुरेसा असतो. सर्वेक्षणाच्या नमुना-ठिकाणांचे अक्षांश-रेखांशही गोपनीयतेसाठी मुद्दाम हलवलेले असतात, शहरी भागात २ किमीपर्यंत आणि ग्रामीण भागात ५ किमीपर्यंत, तर काही थोडी ठिकाणे १० किमीपर्यंत. त्या ठिपक्यांवरून तालुक्याचा हीटमॅप काढणे चूक आहे. तालुक्यासाठी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमातली ३० वर्षांवरील लोकांची तपासणी-नोंद वापरा, पण तीही जपून. जिथे आशाताई आणि आरोग्यसेविका नेटाने काम करतात तिथे रुग्ण जास्त सापडतात. गडद रंगाचा अर्थ ‘आजार जास्त’ असेल किंवा ‘तपासणी जास्त’ असेल. म्हणून किती लोक तपासले आणि त्यात किती सापडले, हे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवूनच पाहा.

सीमा, कोड आणि जॉईन : सर्वाधिक वेळ इथे जातो

आकड्यांचा तक्ता आणि सीमांची लेयर (नकाशावरचा थर) जोडण्याला क्यूजीआयएसमध्ये ‘जॉईन ॲट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू’ म्हणतात. साधन दोन मिनिटांचे आहे, तयारीला दोन दिवस लागतात.

नावावरून जोडू नका. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. जुन्या तक्त्यात जुने नाव, नव्या सीमांत नवे नाव. जोडणी होत नाही आणि तो जिल्हा कोरा राहतो. कोरा दिसला तर निदान चूक कळते. रिकाम्या जागी शून्य धरले गेले, तर मात्र तो जिल्हा ‘सर्वांत निरोगी’ म्हणून झळकतो. जोडणीसाठी स्थानिक शासन निर्देशिकेचा म्हणजे एलजीडीचा कोड किंवा जनगणनेचा कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ (नंदुरबार) ते ५३१ (सांगली) असे आहेत.

हे ३५ जिल्हे झाले, कारण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पालघर आहे, जनगणनेत नाही. उपाय सोपा आहे. जिल्ह्याची जनगणना थेट घेऊ नका, तालुक्यांची घ्या. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांना पालघरचा कोड द्या, उरलेले सात ठाण्याला ठेवा, आणि ‘डिझॉल्व्ह’ करा. डिझॉल्व्हने सीमा एकत्र होतात, पण लोकसंख्येची बेरीज आपोआप होत नाही. त्यासाठी ‘ॲग्रिगेट’ वापरून त्या रकान्याला ‘सम’ (बेरीज) निवडावे लागते.

तालुक्यांच्या कोडांत आणखी एक खाच आहे. जनगणनेचे तालुका कोड पाच अंकी आहेत आणि महाराष्ट्रातल्या कोडांची सुरुवात शून्याने होते. एक्सेल ते शून्य गिळते. क्यूजीआयएसही सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) उघडताना त्या रकान्याला संख्या समजते. ‘डेटा सोर्स मॅनेजर’मधून सीएसव्ही घेताना फील्डचे प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढा, म्हणजे कोड मजकूर म्हणून राहतो. देवनागरी नावे असतील तर एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारातच फाइल जतन करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतील. आणि शेपफाइल हा नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार टाळा. तिच्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांवर कापले जाते, त्यामुळे ‘साखर स्त्रिया’ आणि ‘साखर पुरुष’ अशा अर्थाचे दोन लांब इंग्रजी रकाने सारखेच दिसू लागतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा प्रकार वापरा. सगळे थर एकाच फाइलमध्ये राहतात.

प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची, चूक सगळ्यांकडून एकदा तरी होतेच. सीमा बहुधा ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत असतात, म्हणजे मोजमाप अंशांत. प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती ५ किमीचा बफर (ठरावीक अंतराचे वर्तुळ किंवा पट्टा) हवा म्हणून ५ टाकले, तर ५ अंशांचा, म्हणजे साडेपाचशे किमीचा बफर पडतो आणि एका केंद्रात अख्खे राज्य मावते. आधी ‘रीप्रोजेक्ट’ करून मीटरमध्ये मोजणारी यूटीएम पद्धत, झोन ४३ उत्तर (३२६४३), घ्या. मात्र ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे मुख्यतः वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीत झोन ४४ (३२६४४) लागतो.

रंगांचा धोका

जिल्ह्याच्या रंगीत नकाशात डोळा क्षेत्रफळाकडे जातो. गडचिरोली १४,४१२ चौ. किमी, २०११ ची लोकसंख्या पावणेअकरा लाख. मुंबई उपनगर ४४६ चौ. किमी, लोकसंख्या ९३ लाखांवर. नकाशावर गडचिरोली ठळक दिसते आणि उपनगर बोटाखाली झाकले जाते. म्हणून टक्केवारी रंगाने दाखवा आणि माणसांची संख्या त्यावर लहानमोठ्या वर्तुळांनी. क्यूजीआयएसमध्ये ‘ग्रॅज्युएटेड’ रंगांवर जिल्ह्यांच्या मध्यबिंदूंची (‘सेंट्रॉइड’) वेगळी लेयर ठेवली की हे होते. वर्तुळांचे प्रमाण क्षेत्रफळाने बदलेल असे ठेवा, त्रिज्येने नाही. त्रिज्येने ठेवले तर दुप्पट संख्या चौपट दिसते.

वर्गांची विभागणी ‘इक्वल काउंट’वर सोडू नका. ३६ जिल्हे सारख्या गटांत पाडायचे म्हणून १२.८ आणि १२.९ टक्क्यांच्या मध्येही रेघ पडते. सीमा स्वतः ठरवा, १०, १२, १४, १६ अशा, आणि पुढच्या फेरीच्या नकाशालाही त्याच ठेवा. तरच दोन नकाशांची तुलना होते.

वयाचा प्रश्नही मोठा आहे. कोकणातली कमावती पिढी मुंबईत आणि मागे वडीलधारे. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. असा जिल्हा साखरेच्या नकाशावर गडद दिसला तर त्यात वयाचा वाटा किती, हे पाहूनच बोलावे. अर्थात नियोजनासाठी वयाची दुरुस्ती न केलेला, म्हणजे वयोरचनेतला फरक न वगळलेला, आकडाही लागतो, कारण औषध प्रत्यक्ष माणसांना द्यायचे असते. दुरुस्त केलेला आकडा कारणे शोधायला, न केलेला औषधांची मागणी ठरवायला.

पोहोच : क्यूजीआयएसची खरी कमाई

रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा ‘वेस्टर्न झोन’ हा तुकडा जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून घ्या. ग्रामीण रस्ते, वस्त्या आणि सुविधांसाठी ग्रामसडक योजनेचा ‘जिओसडक’ हा खुला संच त्याहून चांगला ठरतो. ओपनस्ट्रीटमॅपवर खेड्यांतली औषधाची दुकाने फार कमी आहेत. नकाशावर दुकान नाही म्हणजे गावात दुकान नाही असे धरू नका. तालुक्यातल्या दुकानांची आणि प्रयोगशाळांची यादी हाताने बनवा. एका तालुक्यासाठी ते एका दिवसाचे काम आहे आणि पूर्ण प्रकल्पात त्या दिवसाइतका मोलाचा दिवस दुसरा नाही.

मग ‘सर्व्हिस एरिया (फ्रॉम लेयर)’ हे साधन. एखाद्या ठिकाणाहून ठरावीक वेळेत रस्त्याने कुठपर्यंत जाता येते, ते हे दाखवते. प्रयोगशाळांचे ठिपके द्या, रस्ते द्या, ‘फास्टेस्ट’ निवडा, ४५ मिनिटे म्हणजे ०.७५ तास द्या. इथे प्रगत पर्यायांत एक मुरलेली चूक दडलेली आहे : वेग दिला नाही तर ते सरसकट ताशी ५० किमी धरते. आंबोली किंवा तोरणमाळच्या घाटात ५० चा वेग कोणी गाठत नाही. रस्त्यांच्या तक्त्यात वेगाचा रकाना बहुधा रिकामाच असतो, म्हणून ‘फील्ड कॅल्क्युलेटर’ने रस्त्याच्या प्रकारानुसार वेग भरा : राष्ट्रीय महामार्ग ५०, राज्यमार्ग ४०, जिल्हा रस्ते ३०, गावरस्ते २०, घाटात १५. हे ठोकताळे आहेत. आपल्या तालुक्यातल्या एसटी चालकाला विचारून दुरुस्त करा.

निकाल रेषांच्या रूपात येतो. त्याभोवती ‘कॉन्व्हेक्स हल’, म्हणजे सगळ्या रेषांना बाहेरून वेढणारी एकच आकृती, काढायचा मोह होतो, पण त्यामुळे मधली जंगले, धरणाचे पाणी आणि पलीकडची गावेही ‘४५ मिनिटांत’ मोडू लागतात. रेषांना ५०० मीटरचा बफर देऊन त्यात कोणती गावे येतात ते मोजणे जास्त प्रामाणिक.

वेळेबरोबर वेळापत्रकही पाहा. उपाशीपोटीच्या तपासणीला सकाळी नऊच्या आत पोहोचावे लागते. पहिली एसटी साडेनऊला येत असेल तर गाव ४५ मिनिटांच्या आत असूनही उपयोग नाही. रुग्ण उपाशी ताटकळतो, आणि इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर ते धोक्याचेही असते. एचबीएवनसीला उपाशी राहावे लागत नाही. पहिली बस उशिरा असलेल्या गावांना वेगळा रंग द्या आणि त्यांच्यासाठी एचबीएवनसी व जेवणानंतरची तपासणी ठरवा. नकाशामुळे उपचाराची पद्धत बदलते ती अशी.

पण एचबीएवनसीचाही स्वतःचा नकाशा आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात तो खोटा जास्त येऊ शकतो. नंदुरबार, धुळे, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल आहे. ॲपने ‘६.२ टक्के, छान नियंत्रण’ असा हिरवा संदेश पाठवला आणि प्रत्यक्षात साखर २५० असेल, अशी चूक तिथे घडते. या पट्ट्यासाठी नोंदणीतच सिकलसेल तपासणीचा रकाना ठेवा आणि अशा रुग्णांची साखर ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतर मोजा.

रेंज

मोबाइलच्या रेंजचा विश्वासार्ह खुला नकाशा ही सगळ्यांत मोठी उणीव आहे. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, ग्राहकसंख्येचे आकडे ‘सर्कल’नुसार (दूरसंचार विभागांनुसार) असतात, त्यात मुंबई वेगळी आणि गोवा महाराष्ट्रात धरलेला. तालुक्याच्या कामाचे त्यात काही नाही. ओपनसेलआयडी या संकेतस्थळावर टॉवरची खुली यादी मिळते. त्यातून ४०४ आणि ४०५ हे भारताचे कोड गाळून घ्या. रेखांशाचा रकाना अक्षांशाच्या आधी आहे, उलटे भरले तर ठिपके भलतीकडेच जाऊन पडतात. आणि लक्षात ठेवा, टॉवरची जागा लोकांच्या फोनवरून अंदाजाने काढलेली असते, त्यामुळे ठिपके महामार्गांच्या कडेने जास्त दिसतात. ‘सॅम्पल्स’ हा रकाना फार लहान असलेल्या नोंदी वगळा.

रेंज असणे आणि फोन हातात असणे यांतही अंतर आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. घरात स्मार्टफोन एकच, तो मुलाच्या खिशात आणि मुलगा दिवसभर बाहेर. म्हणून स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी पोहोचीचे नकाशे वेगळे काढा. एकत्र काढलेला सरासरी नकाशा बायकांची अडचण झाकतो.

गुणांची बेरीज करू नका

बहुतेक मार्गदर्शिका सांगतात की गरज, रेंज, अंतर यांना गुण द्या, बेरीज करा आणि वरचे तालुके निवडा. ही पद्धत इथे चालत नाही. गरज १० पैकी १०, रेंज शून्य, अशा तालुक्याची बेरीजही भरघोस दिसते. साखळीची एक कडी नसेल तर कार्यक्रम पूर्ण होत नाही, म्हणून गुणाकार करा.

समजा तालुक्याची लोकसंख्या २ लाख. सर्वेक्षणाची टक्केवारी १५ वर्षांवरच्यांची आहे, म्हणून भागही त्यांचाच घ्यायचा (३० वरच्यांना ती लावणे ही नेहमीची चूक). तो समजा ७५ टक्के, म्हणजे दीड लाख. साखर वाढलेले किंवा औषधावरचे १३ टक्के : १९,५००. स्वतःचा फोन आणि रेंज निम्म्यांकडे, ४५ मिनिटांत प्रयोगशाळा ६० टक्क्यांना : उरतात ५,८५०. प्रत्यक्षात दूरच्या पाड्यावर रस्ता नाही तिथे रेंजही नसते. दोन्ही सोयी असलेली माणसे बहुधा तीच ती असतात, त्यामुळे हा गुणाकार ढोबळच आहे. गावनिहाय थर असतील तर गुणाकार गावाच्या पातळीवर करा आणि मग तालुक्याची बेरीज घ्या. चूक पुष्कळ कमी होते.

या हिशेबातून तालुक्याचे तीन रंग पडतात. पहिला, रुग्णाच्या स्वतःच्या फोनवर चालणारा कार्यक्रम. दुसरा, उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेवर चालणारा. त्यात रुग्णाकडे फोन लागत नाही, उपकेंद्रात रेंज लागते. तिसरा, जिथे प्रत्यक्ष शिबिराशिवाय मार्ग नाही. तिसऱ्या रंगाची गावे नकाशावरून पुसू नका. पैसे मागताना तीच दाखवायची असतात.

मनुष्यबळाचाही हिशेब करा. ५०० नोंदणीकृत रुग्ण, महिन्याला दोन फोन, प्रत्येकी १५ मिनिटे : २५० तास. एक समुपदेशक दिवसाला सहा तास, महिन्याचे २४ दिवस : १४४ तास. म्हणजे दोन माणसे हवीत. एचबीएवनसी वर्षाला चार वेळा धरली तर २,००० तपासण्या.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर देशातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो, आणि चालू असलेल्या मेटफॉर्मिनसारख्या औषधांची चिठ्ठी पुढे चालू ठेवू शकतो. त्यामुळे डॉक्टरांची जागा नकाशावर तितकी महत्त्वाची नाही. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण गुंगीत गेला, तर रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय कुठे आहे, हे मात्र फार महत्त्वाचे. इन्सुलिनवरचे रुग्ण घेणार असाल तर चोवीस तास उघड्या रुग्णालयांची आणि १०८ रुग्णवाहिकांच्या थांब्यांची लेयर अनिवार्य समजा.

जे कुठल्याच तयार संचात नाही

जिल्ह्याची सीमा रुग्ण पाळत नाही. सावंतवाडी, दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, चंदगडचे बेळगावला, सिरोंचाचे तेलंगणात, तळोदा-अक्कलकुव्याचे गुजरातेत. विश्लेषण जिल्ह्याच्या सीमेवर कापले तर हे तालुके खोटे ‘दुर्गम’ ठरतात. रस्ते आणि सुविधा सीमेपलीकडे किमान ३० किमीपर्यंत घ्या.

बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. त्याचा नोंदीचा पत्ता बीडचा, पण चार-पाच महिने तो फडाच्या कडेला कोपीत असतो. ऑनलाइन कार्यक्रम अशा माणसाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडू शकतो, कारण फोन सोबत जातो, दवाखाना जात नाही. त्यासाठी दोन नकाशे करा, हंगामातला आणि हंगामाबाहेरचा. क्यूजीआयएसमधील ‘टेम्पोरल कंट्रोलर’ने महिन्यानुसार थर फिरवून दाखवता येतात. जाण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या आणि पोहोचण्याच्या गावातले औषधाचे दुकान, या दोन गोष्टी त्या नकाशावर ठरवायच्या.

आहाराचा सल्ला प्रदेशानुसार बदला. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीची भाकरी, भंडारा-गोंदियात आणि कोकणात भात, नाशिकच्या डोंगरपट्ट्यात नागली. ‘भात बंद करा’ हा संदेश गोंदियात गेला की लोक ॲप उघडणेच बंद करतात. भाताचे प्रमाण किती, सोबत डाळ-भाजी किती, हे सांगावे लागते. भाषेसाठी जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता जोडा. अक्कलकोट आणि जतमध्ये कन्नड, सिरोंचात तेलुगू, भामरागडात माडिया, अक्राणीत पावरी. तिथे समुपदेशकाची भरती याच थरावरून व्हावी.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागते, सुरू केलेली बाटली साधारण चार आठवडे आणि तीही ३० अंशांखाली. कुरिअरने घरपोच इन्सुलिन देण्याची योजना तिथे एप्रिल ते जून बंद ठेवून शीतसाखळी असलेल्या केंद्रातून द्यावी.

छपाई आणि इतर पर्याय

‘प्रिंट लेआउट’मधून पीडीएफ काढताना अक्षरे ‘पाथ’ म्हणून निर्यात करण्याचा पर्याय निवडा. देवनागरी जोडाक्षरे कुठल्याही संगणकावर शाबूत राहतात. तालुका पातळीवर पाचपेक्षा कमी रुग्ण असलेल्या जागी आकडा छापू नका. लहान गावात माणूस ओळखू येतो.

फक्त एक रंगीत जिल्हा-नकाशा हवा असेल तर डेटारॅपर हे ऑनलाइन साधन अर्ध्या तासात काम भागवते. गूगल माय मॅप्स ठिपके दाखवण्यापुरते ठीक, पण रुग्णांच्या यादीसाठी नको. आकड्यांतला चढउतार खरा आहे की नमुन्याच्या योगायोगाने आला आहे, हे तपासायला जिओडा हे मोफत साधन क्यूजीआयएसपेक्षा सरस आहे. लहान लोकसंख्येच्या तालुक्यांची टक्केवारी सौम्य करून देणारी ‘एम्पिरिकल बेज’ पद्धत त्यात दोन क्लिकवर मिळते. दोन्ही बसवून घ्या.

क्यूजीआयएसच्या उणिवा : नवख्याला पहिले दोन आठवडे जड जातात, त्रुटीचे संदेश गूढ असतात, आणि सदोष सीमा आल्या की साधने मध्येच थांबतात (आधी ‘फिक्स जिऑमेट्रीज’ चालवा). राज्यातल्या ४३ हजारांहून अधिक गावांच्या सीमा एकदम उघडल्या तर जुना लॅपटॉप अडखळतो. जिल्हा कापून घ्या.

तयार नकाशा ए-३ आकारात छापून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशाताईंच्या मासिक बैठकीत टेबलावर ठेवा आणि पेन्सिली द्या. कोणत्या वाडीत फक्त शाळेच्या ओट्यावर रेंज येते, कोणता पूल पावसाळ्यात बुडतो, कोणते दुकान गेल्या वर्षी बंद झाले, हे अर्ध्या तासात नकाशावर उमटते. त्या खुणा ‘रेंज’, ‘पावसाळा’ आणि ‘औषध’ अशा तीन रकान्यांत गावाच्या कोडसह भरा, सर्व्हिस एरिया पुन्हा चालवा, आणि जून व नोव्हेंबर या दोन महिन्यांत तीच बैठक पुन्हा घ्या.